मेथ्यांच्या कॅप्सूल शुगरच्या गोळ्यांबरोबर चालतात का?

विटेकर_सूनबाई

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे विट्याचे, सध्या सांगलीत विश्रामबागला असतो. आत्यांना (माझ्या सासूबाईंना) शुगर होऊन बरीच वर्षं झाली. सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी, रात्री नुसती मेटफॉर्मिन.

मध्यंतरी आमच्या कॉलनीत मोफत तपासणीचं शिबिर झालं. तिथं एकानं आत्यांच्या हातात मेथीच्या अर्काच्या कॅप्सूलची बाटली दिली. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन घ्या, तीन महिन्यांत डॉक्टरांच्या गोळ्या सुटतील, असं सांगितलं. आत्यांनी मला न सांगता सुरू केल्या. परवा देवळातून यायला उशीर झाला, जेवण लांबलं, आणि दारातच त्यांना दरदरून घाम सुटला. हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. मीटरवर ५८! साखरपाणी दिलं, थोड्या वेळानं परत तपासलं, मग पोटभर जेवू घातलं. सावरल्या.

आता त्या म्हणतात, "मेथी काय विष हाय व्हय गं? जन्मभर खाल्लीय." माझं म्हणणं असं की भाजीतली मेथी वेगळी आणि बाटलीतली वेगळी. पण मला ते नीट समजावून सांगता येईना. जाणकारांनी सांगा. त्या इथली उत्तरं वाचणार आहेत, तेव्हा मोकळेपणानं पण मायेनं लिहा.

कृष्णाकाठ

सूनबाई, आधी आत्यांना नमस्कार सांगा. मी निवृत्त शिक्षक, राहायला औदुंबरच्या बाजूला. रात्री चमचाभर मेथ्या भिजत घालतो, सकाळी चावून खातो, वर तेच पाणी पितो. कैक वर्षांची सवय आहे. पोट साफ, गुडघे हलके. मेथीला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. दोष असेल तर त्या विकणाऱ्याचा.

वाईची_लेक

५८ म्हणजे फारच खाली. डॉक्टरांना फोन केलात का? आधी ते करा.

औषधदुकान_मिरज

मी फार्मासिस्ट आहे, मिरजेत दुकान आहे. सविस्तर लिहितो, कारण असं गिऱ्हाईक काउंटरवर नेहमी येतं.

पहिली गोष्ट, आत्यांची साखर उतरली त्यात तिघांचा हात असू शकतो: ग्लिमेपिराईड, लांबलेलं जेवण आणि कॅप्सूल. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा एवढी खाली जात नाही. ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. त्यात साखर उतरवणारं आणखी काही घातलं की तोल जातो. इन्सुलिनच्या इंजेक्शनवर असणाऱ्यांनी तर जास्तच जपावं.

दुसरी गोष्ट, मेथ्यांनी साखर उतरते हे खरंच आहे. बीजात विरघळणारा चोथा भरपूर असतो, ज्याला गॅलॅक्टोमॅनन म्हणतात. भिजवलेल्या मेथीला हात लावला की जो बुळबुळीतपणा लागतो, तोच हा. तो आतड्यात जेवणाभोवती घट्ट होतो आणि साखर रक्तात सावकाश जाते. शिवाय ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसिन नावाचं एक अमिनो आम्ल मेथ्यांत असतं, ते इन्सुलिन सुटायला मदत करतं. म्हणजे आत्यांचं "मेथी गुणाची" हे म्हणणं बरोबर आहे. गुणाची आहे म्हणूनच ती गोळ्यांच्या हिशोबात धरायला हवी.

आत्या, तुम्ही वाचताय म्हणून थेट तुम्हालाच सांगतो. कॅप्सूल आजच थांबवा. डॉक्टरांची गोळी मात्र स्वतःच्या मनानं थांबवू नका, कमीही करू नका. बाटली पिशवीत घाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवा.

माणदेशी

आमच्या आटपाडीकडं म्हातारी माणसं बाजरीच्या भाकरीसंगं कच्ची मेथीची भाजी खात्यात, वर कांदा. कुणाची शुगर उतरल्याली ऐकली न्हाई. भाजीला काय हुतंय?

औषधदुकान_मिरज

@माणदेशी, भाजीला काही होत नाही. खुशाल खा. पाल्यात आणि बीजात फरक आहे, आणि जेवणातली मेथी जेवणाबरोबरच पोटात जाते. प्रश्न अर्काचा आणि मुठीनं घेतलेल्या पुडीचा आहे.

कृष्णाकाठ

@औषधदुकान, तुमचं बाकी पटलं. पण मग किती म्हणजे जास्त? माझा चमचा चालतो का नाही, ते सांगा की. उगीच भीती नको.

तासगावची_काकी

मास्तर, प्रमाणाचं मी सांगते. बाळंतिणीच्या लाडवांचा घाणा मी वर्षानुवर्षं घालतेय, भावकीतल्या पोरींना माझेच लाडू जातात. शंभर ग्रॅम मेथ्या मंद आचेवर बदामी रंगावर भाजायच्या. काळपट झाल्या की कडू जहर होतात. गार झाल्या की दळायच्या आणि पीठ पातळ केलेल्या तुपात कालवून चार-पाच दिवस झाकून ठेवायचं. तुपानं कडवटपणा मोडतो. मग खारकेची पूड, तळून फुललेला डिंक, भाजलेली खसखस, सुकं खोबरं, खरपूस भाजलेली कणीक आणि चिरलेला गूळ. गूळ पाकासारखा कढवायचा नाही, नुसता विरघळवायचा. याचे चाळीसेक लाडू होतात. म्हणजे एका लाडवात मेथ्या किती? अडीच ग्रॅम. रोज सकाळी एक लाडू, त्यावर दूध. आपल्या आज्या-पणज्यांनी प्रमाण असंच बांधून दिलंय, तेही तूप-गुळाच्या सोबतीनं.

औषधदुकान_मिरज

काकी, फार नेमकं सांगितलंत. मास्तर, सपाट चमचाभर मेथ्या म्हणजे साधारण पावणेचार ग्रॅम. एवढ्यानं धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. आता तुलनेला खरी गोष्ट सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत इन्सुलिनवर असलेल्या रुग्णांवर मेथीचा प्रयोग झाला, १९९० मध्ये तो छापूनही आला. त्यात तेल काढलेली मेथीपूड दिवसाला १०० ग्रॅम दिली होती, दोन जेवणांत निम्मी-निम्मी मिसळून, दहा दिवस. लघवीतून जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली. आकडा मोठा आहे, पण पूडही शंभर ग्रॅम आहे आणि रुग्ण संस्थेच्या देखरेखीखाली होते. पुढं कमी मात्रेवरही प्रयोग झाले. बऱ्याच ठिकाणी उपाशीपोटीची साखर थोडी उतरलेली दिसते. पण प्रयोग लहान, काळ थोडा, प्रत्येकाची मात्रा निराळी. "तीन महिन्यांत गोळ्या सुटतील" असं म्हणायला त्यातून कुठलाच आधार मिळत नाही.

कॅप्सूलची अडचण अशी की ५०० मिलिग्रॅम नुसती पूड आहे का अर्क, हे बाटली नीट वाचल्याशिवाय कळत नाही. १० ला १ असा अर्क असेल तर एका कॅप्सूलमागं पाच ग्रॅम मेथ्या लागलेल्या असतात. चार कॅप्सूल म्हणजे वीस ग्रॅमचा अर्क. त्यातला चोथा बहुतेक गेलेला असतो, बाकीची द्रव्यं दाटून आलेली असतात. तेव्हा "मेथीच आहे" एवढ्यावर भागत नाही.

हळदपेठ

आमचा गणपती पेठेत मसाल्याचा व्यापार आहे, वडिलांपासून. इथं लोक हळदीसाठी येतात, पण मेथ्याही पोत्यांनी येतात, मुख्यतः राजस्थानातून. चांगला दाणा पिवळसर, टणक, एकसारखा असतो. दाताखाली कडक तुटतो आणि कडवटपणा लगेच जिभेवर येतो. काळपट, हलका, वास उडालेला माल स्वस्त मिळतो. पूड झाली की यातलं काहीच दिसत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, दाणा घ्या आणि घरी दळा. कॅप्सूलमध्ये काय भरलंय ते मला इतकी वर्षं धंद्यात राहूनही बघून सांगता यायचं नाही.

तालमीतला_गडी

कवठेमहांकाळचा आहे. जिममध्ये एक जण मेथीच्या अर्काची पावडर देतोय, टेस्टोस्टेरॉन वाढतं म्हणून. ताकद येते का? घ्यावी का?

कृष्णाकाठ

बाळा, दूध, बदाम आणि जोर-बैठका. वस्तादांना विचार.

औषधदुकान_मिरज

@तालमीतला_गडी, अर्कावर पुरुषांमध्ये काही छोटे प्रयोग झालेत, त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. डब्यावरचे दावे त्याच्या कितीतरी पुढं जातात. डब्यावर चौदा आकडी अन्न परवाना नंबर आहे का, घटक आणि मात्रा स्पष्ट लिहिल्यात का, ते बघ. सुटी पिशवी देत असेल तर घेऊ नकोस. आणि तुला भुईमुगाची किंवा हरभऱ्याची ॲलर्जी आहे का? मेथी त्यांच्याच शेंगवर्गातली, एकाची ॲलर्जी असणाऱ्याला दुसऱ्याचीही उठू शकते.

तालमीतला_गडी

ॲलर्जी नाही काका. पण पिशवी सुटीच आहे. परत करतो.

वाईची_लेक

माझी मुलगी आता वर्षाची होईल. बाळंतपणात दूध कमी वाटत होतं म्हणून मैत्रिणीनं मेथीच्या कॅप्सूल सुचवल्या. त्या घेतल्यावर माझ्या घामाला आणि बाळाच्या लंगोटालाही काकवीसारखा गोड वास यायला लागला. आई म्हणाली नजर लागली. दूध वाढलं का, तर नक्की सांगता येत नाही, कारण त्याच वेळी बाळाला दर दोन तासांनी पाजायला लागले होते. बाळाच्या पोटात मात्र गॅस धरायचा, रात्रभर कळवळायची. कॅप्सूल बंद केल्या आणि आठवड्याभरात ती शांत झोपायला लागली.

कराडची_बाई

मी रसायनशास्त्र शिकवते. वाईच्या ताईंनी लिहिलेला वास खरा आहे आणि त्यामागं कारण आहे. मेथ्यांत सोटोलॉन नावाचं द्रव्य असतं, ते घाम आणि लघवीतून बाहेर पडतं. मॅपल सिरप युरीन डिसीज नावाचा नवजात बाळांचा एक दुर्मीळ, गंभीर आजार आहे, त्यात लघवीला असाच वास येतो. आईनं मेथी घेतली असेल तर निरोगी बाळालाही तो वास येतो आणि डॉक्टर घाबरून तपासण्या लावतात, असे प्रसंग वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. म्हणून बाळंतिणीनं मेथी खात असल्याचं बालरोगतज्ज्ञांना सांगून ठेवावं. नजर लागलेली नव्हती, आईंना सांगा.

दुधाबद्दलचा पुरावाही संमिश्रच आहे. बाळाला वरचेवर पाजणं आणि त्यानं स्तन नीट तोंडात धरणं, दूध वाढायला याचा उपयोग सगळ्यात जास्त.

तासगावची_काकी

बरोबर बोललात बाई. लाडू बाळंतिणीची झीज भरायला असतो. पोटभर जेवण आणि झोप मिळाली की दूध आपसूक येतं. घरच्यांनी तिला निजू द्यावं, हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते.

माणदेशी

काकी, ह्ये बाकी लाख बोललासा.

पोवई_नाका

सातारकर. मेथ्या केसांनाही लावतात ना? आमच्याकडं रविवारी वाटलेल्या मेथ्यांचा लेप असतो. ह्यांना वास आला की स्वयंपाकघरात येऊन विचारतात, उसळ झाली का?

कराडची_बाई

@पोवई_नाका, लावा की. टाळूला खाज सुटली किंवा पुरळ आलं तर थांबा, एवढंच.

उसळीवरून आठवलं, मोडाच्या मेथ्या कच्च्या खाऊ नका. २०११ च्या मे-जूनमध्ये जर्मनीत ई. कोलाय जिवाणूची मोठी साथ आली. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला. तपास करता करता शेवटी माग लागला तो मोड आलेल्या मेथ्यांपर्यंत, बी इजिप्तमधून आलं होतं. पन्नासहून जास्त माणसं गेली, हजारो आजारी पडली, कित्येकांची मूत्रपिंडं निकामी झाली. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते ती जिवाणूंनाही मानवते, आणि बियावरच जिवाणू असतील तर वरवर धुऊन जात नाहीत. आपली चांगली शिजवलेली उसळ सुरक्षित आहे. सॅलडवर कच्चे मोड भुरभुरायची नवी पद्धत आलीय, ती लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हाताऱ्या माणसांसाठी नको.

कोरेगावकर

माझ्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ करायची वॉरफरिन कायमची चालू आहे. दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) तपासतो. मी मेथ्यांचं पाणी प्यावं का? व्हॉट्सॲपवर रोज कुणीतरी पाठवतं.

औषधदुकान_मिरज

@कोरेगावकर, तुम्ही स्वतःहून सुरू करू नका. वॉरफरिनबरोबर मेथी घेऊन आयएनआर वाढल्याची नोंद आहे. त्या रुग्णाच्या औषधात बोल्डो नावाची आणखी एक वनस्पती होती, त्यामुळं दोष एकट्या मेथीचा असं छातीठोक म्हणता येत नाही, पण तुमच्या झडपेवर कुणी प्रयोग करू नये. भाजीत फोडणीच्या मेथ्या आल्या तर घाबरू नका. पालेभाज्यांचं प्रमाण मात्र आठवड्याला साधारण सारखं ठेवा, कारण पाल्यातल्या के जीवनसत्त्वानं आयएनआर हलतो. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, कारण नसताना अंगावर काळेनिळे डाग दिसले तर लगेच दवाखाना गाठा.

आणि सगळ्यांसाठी: ऑपरेशन ठरलं असेल तर अशी पूड किंवा कॅप्सूल दोन आठवडे आधी थांबवतात आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगतात. मेथ्यांचा चोथा इतर औषधं रक्तात जायलाही उशीर लावू शकतो. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेऊन लगेच मेथ्यांचं पाणी पिणारे बरेच आहेत. दोन्हींत चांगलं अंतर ठेवा.

वैद्य_औंध

मी आयुर्वेदाचा पदवीधर, औंधला दवाखाना आहे. मेथिका ही आमची जुनी आणि आवडती वनस्पती. मेथी, हळीव, काळं जिरं आणि ओवा मिळून चतुर्बीज होतं, वातविकारांत ते आम्ही देतो. पण आम्हीसुद्धा माणूस बघून देतो. मेथी उष्ण आहे. पित्ताचा त्रास, अंगावरून जास्त जाणं, रक्ती मूळव्याध असेल तर आम्ही हात आखडता घेतो. गरोदरपणात औषधाच्या मात्रेत नाहीच. आयुर्वेदाच्या नावावर एकच बाटली सगळ्या कॉलनीला वाटणं याला मी आयुर्वेद म्हणत नाही. नाडी बघितली नाही, चालू औषधं विचारली नाहीत, जेवायच्या वेळा विचारल्या नाहीत. याचा मला मनापासून राग येतो, कारण उद्या काही झालं की बदनाम आमचं शास्त्र होतं.

कृष्णाकाठ

वैद्यबुवा, पटलं. पण ॲलोपॅथीवाले तरी कुठं विचारतात? दोन मिनिटांत चिठ्ठी हातात. मी मेथ्या खातो हे मला आजवर एकाही डॉक्टरनं विचारलेलं नाही.

औषधदुकान_मिरज

मास्तर, तुमची तक्रार रास्त आहे. डॉक्टरांनी विचारायला हवं, आम्ही दुकानदारांनीही विचारायला हवं. मी हल्ली साखरेची किंवा रक्त पातळ करायची गोळी देताना "काढा, चूर्ण, पावडर काही चालू आहे का" असं विचारतो. लोक आधी नाही म्हणतात. मग जरा थांबलं की पिशवीतून पुडी निघते. रागावले जाऊ म्हणून लपवतात. घरात आणि दवाखान्यात न रागावता विचारलं तर निम्मा धोका तिथंच टळेल, असं माझं ठाम मत आहे.

आणि त्या शिबिरवाल्याबद्दल: मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानं बंदी आहे. अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार देता येते. बाटली आणि बिल जपून ठेवा. साखरेच्या 'वनस्पती' चूर्णांत खरी ॲलोपॅथीची औषधं मिसळलेली सापडल्याचे प्रकार झालेले आहेत, त्यामुळं बाटलीत नुसती मेथीच होती असंही धरून चालू नका.

विटेकर_सूनबाई

सगळ्यांचे आभार. काल आत्यांना घेऊन डॉक्टरांकडं जाऊन आले, बाटलीसकट. कॅप्सूल पूर्ण बंद. लिव्हरची आणि किडनीची तपासणी करून घेतली, ठीक आली. सकाळच्या गोळीतलं ग्लिमेपिराईड निम्म्यावर आणलंय, कारण वयाच्या मानानं साखर आधीपासूनच खालच्या बाजूला होती असं एचबीए१सीवरून (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीवरून) दिसलं. पंधरा दिवस रोज मीटरवर तपासून वहीत लिहायचं. बाहेर जाताना कनवटीला खडीसाखर ठेवायची. जेवणातली मेथी, मेथ्यांची फोडणी, थालीपीठात चिमूटभर पूड, सगळं चालेल म्हणाले.

तासगावच्या काकींचा आणि वैद्यांचा प्रतिसाद आत्यांनी दोनदा वाचून घेतला. मग स्वतःच म्हणाल्या, "मला विचारलं असतं कुणी, तर सांगितलं असतं की मी खातेय म्हणून." त्यावर मी काही बोलले नाही. मीही विचारलं नव्हतं, हे खरं आहे. त्यांच्या मैत्रिणींनीही तीच बाटली घेतलीय, आज संध्याकाळी आम्ही दोघी घरोघरी जाऊन सांगणार आहोत. तक्रारीचा अर्जही लिहिलाय.

औषधदुकान_मिरज

उत्तम केलंत. त्या मैत्रिणींपैकी कुणी इन्सुलिनवर असेल तर तिच्याकडं आधी जा.

पोवई_नाका

एक विचारायचं राहिलं. माझ्या वहिनीला पाचवा महिना आहे. तिला मेथीच्या भाजीचे डोहाळे लागलेत आणि सासूबाई आत्तापासूनच मेथ्यांचे लाडू करू या म्हणतात. काय करू?

तासगावची_काकी

भाजी निवडून, स्वच्छ धुऊन, शिजवून पोटभर घाला. पोरीची हौस आहे. लाडू आत्ता नको, आमच्यातही ते बाळंत झाल्यावरच देतात. सासूबाईंना म्हणावं, तोवर खारीक-डिंक आणून ठेवा, मेथ्या नंतर भाजू.

वैद्य_औंध

काकींशी सहमत. कॅप्सूल, अर्क, भिजवलेल्या मेथ्यांचं रोजचं पाणी, यातलं काहीही गरोदरपणात नको. शुगर वाढलेली निघाली तरी नको, त्यासाठी तिच्या डॉक्टरांनाच भेटा.